लुथरन उंदीर

डॉ. हार्लन स्ट्रीबल यांच्या प्रयोगशाळेच्या लांब गल्लीत दोन्ही भिंतींवर ओळीनं तसबिरी लावलेल्या होत्या. नवख्या माणसाला लांबून वाटायचं, विद्यापीठाचे जुने कुलगुरू असतील. जवळ गेला की तो एक पाऊल मागे सरकायचा. प्रत्येक तसबिरीत एक पांढरी उंदराची मादी पाठीवर झोपवलेली असायची, आणि तिच्या छातीशी नाहीतर जांघेशी स्तनाची गाठ. एक अक्रोडाएवढी, एक लिंबाएवढी, आणि गल्लीच्या टोकाला, स्ट्रीबल यांच्या दाराशेजारी, सगळ्यांत मोठी. ती गाठ उंदराला आली होती की गाठीला उंदीर आला होता, हे सांगणं कठीण. खाली पितळेची पट्टी आणि पट्टीवर गाठीचं माप.

दार उघडून आत गेलं की भिंतीवर हरणांची मुंडकी. तीही स्ट्रीबल यांनीच मारलेली, त्यांच्याही खाली पितळेच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर शिंगांचं माप. गाठ मोजताना आणि शिंग मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर अगदी एकच भाव असायचा. थोरा नेसविगनं हे नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं, आणि तेव्हा तो माणूस तिच्या मनातून जो उतरला तो पुन्हा कधी चढला नाही.

विस्कॉन्सिनमधल्या तळ्याकाठच्या त्या गावात सत्तरच्या दशकात स्ट्रीबल हे मोठं नाव होतं. थोराकडेही डॉक्टरकीची पदवी होती, स्ट्रीबल यांच्यापेक्षा चांगल्या विद्यापीठाची. पण प्रयोगशाळेत ते डॉक्टर होते आणि ती ‘मिस नेसविग’ होती. पंधरा वर्षं झाली तरी तीच. तिनं कधी हरकत घेतली नाही. ज्यांच्याबद्दल मनात आदर नाही त्यांनी आपल्याला आदरानं हाक मारावी, असं तिला वाटतच नसे.

तिच्याकडे तळघरातली एक खोली होती आणि त्या खोलीत तिचे उंदीर होते. वरच्या मजल्यावरचे उंदीर पांढरेशुभ्र. त्यांना गाठ आणणारं एक ठरावीक विष तेलातून एकदा पाजलं की दोन-तीन महिन्यांत स्तनांत गाठी यायच्याच. स्ट्रीबल त्यांना कौतुकानं ‘गुणी पोरी’ म्हणत. थोराचे उंदीर वेगळे होते. डोक्यावर आणि मानेवर तपकिरी, बाकी पांढरे, जणू लहान पोराला टोपडं घातलंय. ते मिनेसोटातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं निवृत्त होताना तिला दिले होते. गाडीच्या मागच्या सीटवर पिंजरे ठेवून, हीटर चालू ठेवून तिनं ते आणले होते. भावाबहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिलांची पुन्हा तशीच, म्हणजे सगळा वंश एकाच साच्यातून काढल्यासारखा राहतो. ते काम तिनं पंधरा वर्षं एका पिढीचाही खंड न पाडता केलं. आणि या टोपडेवाल्यांना कितीही विष पाजा, स्तनात गाठ येत नसे. एक नाही, अर्धी नाही.

प्रयोगशाळेतल्या पोरांनी त्यांना ‘लुथरन’ असं नाव ठेवलं होतं. गावात निम्मी वस्ती नॉर्वेजियन लुथरनांची, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या सोज्वळ लोकांची. त्यांच्या आयुष्यात कधी काही घडत नाही, घडलं तरी ते कुणाला सांगत नाहीत, असा त्यातला टोमणा. थोरा स्वतःही त्यांतलीच. तिला तो टोमणा लागला नाही. उलट तिला वाटलं, या पोरांनी जन्मात एकदा तरी बरोबर निरीक्षण केलं.

स्ट्रीबल यांना त्या उंदरांचा तिटकारा होता. “ज्याला काही होत नाही त्याचा अभ्यास काय करायचा?” असं ते पाहुण्यांना विचारत आणि स्वतःच हसत. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक रिवाजच होता. दर मंगळवारी कामाच्या बायका बसून उंदरांची पोटं बोटांनी चाचपायच्या. गाठ लागली की मापायची, कार्डावर लिहायची. प्रयोगाची मुदत संपली की गाठवाले उंदीर मेजावर उघडायचे, कापायचे, रंगवायचे, भिंगाखाली बघायचे. आणि ज्यांना गाठ आली नाही ते? ते ‘रिकामे’. रिकाम्यांना कुणी उघडत नसे. ते सरळ पोत्यात आणि पोतं भट्टीत. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ‘गाठ का येते’ याचं उत्तर शोधलं जात होतं आणि ‘का येत नाही’ याचं उत्तर दर महिन्याला धुरांड्यातून वर जात होतं. एवढे शिकलेले पुरुष, पण पोत्यात डोकावून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. पोत्यातल्या उंदराचं माप काय घेणार?

थोराच्या मनात मात्र हा प्रश्न उंदरांच्या आधीपासून होता. तिची आई स्तनाच्या गाठीनं गेली, पंचेचाळिसाव्या वर्षी. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्या बायका जमल्या होत्या. हॅमचे सँडविच, अंड्याचं सॅलड, मोठ्या किटलीतली पाणचट कॉफी. प्रत्येक जणी थोराचा हात धरून एकच म्हणत होती, “तिलाच का गं झालं हे?” आणि समोर बोर्गहिल्ड मावशी बसली होती. आईची सख्खी बहीण. एकाच घरात वाढलेल्या, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेल्या, एकाच डब्यातली डुकराची चरबी पावाला लावून खाल्लेल्या. शिवाय मावशी सिगारेटी ओढायची. ती शांतपणे अंड्याचं सॅलड दुसऱ्यांदा वाढून घेत होती. एकोणीस वर्षांच्या थोरानं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात उलटाच प्रश्न आला. हिला का नाही झालं? मोठ्यानं विचारला असता तर चर्चमधल्या बायकांनी तिला वेडी ठरवलं असतं. नंतर तिनं तो मोठ्यानं विचारला, आणि पुरुषांनी ठरवलं.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता स्ट्रीबल तळघरात उतरले. ते खाली फार येत नसत. जिना उतरताना गुडघे दुखतात म्हणायचे. डोंगरात हरणामागे धावताना दुखत नसत.

“मिस नेसविग, ही खोली मला लागणार आहे. नवीन अनुदानाची मंजुरी आली की शंभर पिंजरे वाढवायचेत. वर जागा नाही.”

“आणि माझे उंदीर?”

“तुमचे उंदीर,” ते म्हणाले आणि त्यांनी पिंजऱ्यांकडे बघितलं. लोक बसस्टॉपवर झोपलेल्या माणसाकडे बघतात, तसं. “पंधरा वर्षं झाली. यांनी आपल्याला काय दिलं?”

“यांना गाठ येत नाही, हे दिलं.”

“ते आपल्याला माहीत आहे. विष यांच्या अंगात टिकत नाही, यांचं लिव्हर ते धुऊन टाकतं. झालं. एका ओळीचं उत्तर.”

“हे तपासलंय कुणी?”

“तपासायला त्यात काही दिसायला तर हवं! जिथं काही नाही तिथं तुम्ही काय बघणार?”

थोरानं पिंजऱ्याच्या कार्डावरची तारीख पाहिली. तिनं गेल्याच आठवड्यात तरण्या टोपडेवाल्या माद्यांच्या एका तुकडीला विष पाजलं होतं. दोन-तीन महिने तरी लागणार होते. खोली गेली तर उंदीर भट्टीत, आणि हा वंश पृथ्वीवर दुसरीकडे कुठंही शिल्लक नव्हता. मिनेसोटाचा म्हातारा केव्हाच वारला होता.

“शरद ऋतूत मंजुरीची समिती येणार आहे ना?” ती शेवटी म्हणाली. “तोवर राहू द्या. समितीला रिकामी खोली दाखवण्यापेक्षा भरलेली बरी दिसेल.”

हे त्यांना पटलं. दिसण्याच्या गोष्टी त्यांना लगेच पटत. “बरं. समिती गेली की दुसऱ्या दिवशी बर्नीसला सांगून गॅस देऊन टाका.”

बर्नीस म्हणजे पिंजरे सांभाळणारी बाई. पोलिश, रुंद खांद्यांची, तोंडाची तिखट. स्ट्रीबल जिना चढून दिसेनासे झाल्यावर ती पाण्याच्या बाटल्यांमागून बाहेर आली.

“गेले का महाराज?”

“गेले.”

“मला सांगून गॅस देऊन टाका म्हणे! अगं, हरणं स्वतःच्या हातानं मारतात ना? मग हे पण मारा की. आणि मुंडकी लावा भिंतीवर. टोपडं छान दिसेल.”

“बर्नीस, गप बस गं. मला विचार करू दे.”

“कर बाई. या इमारतीत तो एकट्या तुझ्यावरच सोपवलाय.”

थोरानं विचार केला तो असा. सगळे जण शेवटी बघतात. शेवटी या उंदरांत काही नसतं, हे खरं. पण मधे? विष पाजल्यावर आणि मुदत संपण्याआधी, मधल्या दिवसांत यांच्या स्तनांत काय होतं हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. एखाद्या घरात संध्याकाळी गेलो आणि घर स्वच्छ दिसलं, म्हणजे दुपारी पोरांनी पसारा केलाच नाही असं थोडंच?

महिना उलटल्यावर तिनं तुकडीतल्या काही माद्या घेतल्या. स्तनाची ग्रंथी चरबीच्या पातळ चादरीसकट काढायची, काचेवर पसरायची, लाल रंगात भिजवायची, मग चरबी विरघळवून टाकायची. म्हणजे काचेवर नुसतं झाड उरतं. लाल झाड. एका बुंध्यातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या, टोकांना बारीक कळ्या. हे काम थोराला फार आवडायचं. लहानपणी आजोबांच्या शेतावर, पानं झडलेल्या मेपलच्या झाडांकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसायची, त्याची तिला आठवण यायची. काच भिंगाखाली ठेवताना ती दर वेळी जरा थांबायची. त्या दिवशीही थांबली.

मग तिनं पाहिलं. डहाळीत एक जागा सुजलेली होती. दुसऱ्या काचेवर तशाच दोन. तिसऱ्या काचेवरही. नळीच्या आत पेशींची गर्दी, नको तिथं, नको तितकी. तिनं वरच्या ‘गुणी पोरीं’च्या काचा आणून शेजारी ठेवल्या. तशाच. अगदी तशाच. कुणाची कुठली, हे लेबल न बघता तिलाही सांगता आलं नसतं.

म्हणजे विष पोचलं होतं. लिव्हरनं काही धुतलं नव्हतं. या उंदरांतही ते सुरू होत होतं.

“मग वाईटच की!” बर्नीस म्हणाली. तिनं एक डोळा मिटून भिंगातून बघितलं होतं. “म्हणजे तुझ्या लुथरनांनाही होतं.”

“सुरू होतं. संपतं की नाही ते बघायचंय.”

“आणि नाही संपलं तर?”

“तर खोली त्यांची.”

हे सगळं तिथंच राहिलं असतं. पण त्या आठवड्यात स्ट्रीबल रंगाची बाटली मागायला म्हणून तिच्या मेजाशी आले आणि त्यांनी भिंगात डोकावलं. त्यांची नजर वाईट नव्हती. सुजलेली डहाळी त्यांना ताबडतोब दिसली. रोग ओळखण्यात ते तरबेज होते. दुसरं काही त्यांना ओळखू येत नसे.

“या कुणाच्या?”

“टोपडेवाल्यांच्या.”

ते सरळ उभे राहिले आणि इतके मनापासून हसले की बाहेरची टायपिस्ट दारात आली. “म्हणजे लुथरनांनीही पाप केलं तर! मिस नेसविग, पंधरा वर्षं तुम्ही या पवित्र बायका सांभाळल्यात, आणि त्या इतरांसारख्याच निघाल्या. आता तर एका ओळीचंही उत्तर नको. हे उंदीर गाठ टाळणारेच नाहीत. तुमची मोजदाद चुकली.”

“मुदत अजून संपलेली नाही, डॉक्टर.”

“जे दिसतंय ते दिसतंय.” ते टायपिस्टकडे वळले. “समितीच्या जेवणाच्या वेळी ही गोष्ट सांगायला हवी. छान हशा होईल.”

थोरानं भिंगावर कव्हर घातलं. वर्षानुवर्षं हा माणूस शेवट बघून निकाल द्यायचा. आज पहिल्यांदा त्यानं मधलं बघितलं होतं, आणि आता त्याला शेवटाची गरज उरली नव्हती. कुठल्याही पानावर पुस्तक मिटलं तरी त्याला हवं तेच निघायचं.

ऑक्टोबर आला. तळ्याकाठची झाडं लाल झाली, मग उघडी झाली. समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात थोरानं तुकडीतल्या उरलेल्या माद्यांपैकी निम्म्या उघडल्या. त्यांना कुणी हात लावला नसता. रिवाजाप्रमाणे त्या ‘रिकाम्या’ होत्या, पोत्यातच जायच्या. बर्नीस रंगाच्या भांड्यावर पोळ्या भाजत असल्यासारखी उभी होती. काचा तयार झाल्या. थोरा थांबली, मग वाकली.

पहिली काच स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या काचेवर एका डहाळीवर किंचित जाडी होती, जुन्या जखमेचा वण असावा तशी. बाकी झाड मोकळं, हिवाळ्यातल्या मेपलसारखं. तिनं सगळ्या काचा पाहिल्या, मग पहिलीपासून पुन्हा पाहिल्या. आलं होतं आणि गेलं होतं. कुणी कापलं नाही, औषध दिलं नाही. त्या अंगानं स्वतःच ते ओळखलं आणि गुपचूप आवरून टाकलं.

“काय गं? बोल की,” बर्नीस म्हणाली.

थोरानं भिंगावरून डोळा काढला नाही. तिला बोर्गहिल्ड मावशी दिसत होती. सिगारेट विझवून, सॅलड वाढून घेणारी. कदाचित तिलाही झालं असेल. तिलाही एखाद्या हिवाळ्यात आत कुठंतरी सुरू झालं असेल आणि तिच्या अंगानं ते आवरलं असेल, आणि तिला कळलंही नसेल. लुथरनांच्या घरात घडतं, पण ते सांगत नाहीत.

“यांना होतं, बर्नीस. आणि मग यांना बरं होतं.”

“कशानं?”

“ते माहीत नाही. तेच तर शोधायचंय. उंदीर राहिले तर.”

ती काचांचा ट्रे घेऊन वर गेली. स्ट्रीबल त्यांच्या खोलीत बंदुकीला तेल लावत बसले होते. हरणांच्या शिकारीला अजून अवकाश होता, पण त्यांना धीर नसे. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, एकच काच उचलली, खिडकीकडे धरली. भिंगाखाली ठेवण्याचीही तसदी घेतली नाही.

“यात काही नाही.”

“हो. आधी होतं. आता नाही.”

“म्हणजे आधीचा तुमचा रंग बिघडला होता किंवा आत्ताचा बिघडलाय. मिस नेसविग, समिती मंगळवारी येतेय. बुधवारी खोली रिकामी हवी.” आणि त्यांनी काच ट्रेमध्ये परत टाकली. ठेवली नाही, टाकली. कोपऱ्याला तडा गेला.

जिना उतरताना थोराला राग आला नव्हता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. रागावण्याइतकंही त्या माणसात काही नव्हतं. तिला फक्त बुधवार दिसत होता. बर्नीस पिंजरे रचते आहे, नळी जोडते आहे, टोपडी एकामागून एक स्थिर होताहेत. असा वंश पुन्हा मिळणार नव्हता. तो एकदा संपला की ‘का नाही’ हा प्रश्नही त्याच्याबरोबर जाणार होता, आणि गल्लीत आणखी एका गाठीची तसबीर लागणार होती.

मंगळवारी समिती आली. तिघे जण होते, पण बोलणारा एकच, डॉ. फेल्ड. न्यूयॉर्कचा, बुटका, कानात केस वाढलेला म्हातारा. सकाळभर त्याला गल्ली दाखवली, तसबिरी दाखवल्या. त्यानं एकाही तसबिरीपुढे थांबून कौतुक केलं नाही. दुपारी बैठकीच्या खोलीत जेवण होतं. ब्राटवुर्स्ट नावाचे जर्मन सॉसेज, आंबट कोबी, आणि जवळच्या डेअरीतले चीजचे ताजे गोळे. थोराला कोपऱ्यात जागा दिली होती, कॉफीच्या किटलीजवळ. कॉफी संपली तर कुणीतरी उठायला हवं ना.

कोबी संपता संपता स्ट्रीबल यांनी आपली गोष्ट काढली. “आमच्याकडे तळघरात एक मठ आहे,” त्यांनी सुरुवात केली. पवित्र बायका, पंधरा वर्षांची तपश्चर्या, आणि भिंगाखाली उघडं पडलेलं पाप. त्यांनी ते रंगवून सांगितलं. दोघे जण हसले. फेल्ड हसला नाही. त्यानं काटा खाली ठेवला.

“थांबा. ज्यांना गाठ येत नाही अशा उंदरांत, मधल्या काळात सुरुवात दिसते?”

“अगदी स्पष्ट! म्हणजे ते—”

“आणि शेवटी?”

स्ट्रीबल यांनी उरलेल्या कोबीचा घास उचलला. “शेवटी म्हणजे...”

“शेवटी काय असतं? पाहिलंत की नाही? सुरुवात आहे आणि शेवट नाही, म्हणजे ती मधे कुठं गेली? अहो, मी तीस वर्षं असं काहीतरी ऐकायची वाट बघतोय. कुणी केलंय हे? कुणाचे आहेत हे उंदीर?”

दारात ताटं न्यायला आलेली बर्नीस थोराकडे बघत उभी होती. तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. बोल. आता बोल, मूर्ख बाई.

थोरा उठून उभी राहिली. तिनं स्ट्रीबल यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत एक गोष्ट स्पष्ट होती. ही बाई आत्ता ‘माझे’ म्हणाली, तर फेल्ड टाळ्या वाजवेल, समिती संध्याकाळच्या विमानानं जाईल, आणि उद्या सकाळी बुधवार आहे. खोली स्ट्रीबल यांची आहे. किल्ली यांची आहे. ज्या गोष्टीनं आपली फजिती केली ती हा माणूस एक दिवसही जिवंत ठेवणार नाही. पंधरा वर्षांत थोरानं उंदरांइतकाच यांचाही अभ्यास केला होता. यांनी हरणं मारली होती, हजारो उंदीर मारले होते, हाताखालच्या तीन माणसांच्या नोकऱ्या मारल्या होत्या. एकच गोष्ट या माणसानं कधी मारली नव्हती. ज्याच्यावर त्याचं नाव होतं ती.

“डॉ. स्ट्रीबल यांचे,” ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, कॉफी हवी का विचारताना असायचा तोच. “आम्ही त्याला स्ट्रीबल वंश म्हणतो. डॉक्टरांनी पंधरा वर्षं राखलाय. शेवटच्या काचाही तयार आहेत. स्वच्छ आहेत. डॉक्टर तुम्हाला त्या जेवणानंतर दाखवणारच होते. हशा आधी, काचा नंतर, अशी त्यांची पद्धत आहे.”

दारात एक ताट खाली पडलं.

स्ट्रीबल यांना सावरायला किती वेळ लागला? कोबीचा घास गिळायला लागतो तेवढाच. थोरा बघत होती. त्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग संशय, आणि मग, सूर्य उगवावा तसा, विश्वास. कॉफीच्या तिसऱ्या घोटाला त्यांना हे सगळं खरोखरच आठवू लागलं होतं.

“पुष्कळांनी मला सांगितलं, सोडून द्या हे उंदीर,” ते फेल्डकडे झुकून म्हणाले. “ज्याला काही होत नाही त्याचा अभ्यास काय करायचा, म्हणाले. मी म्हटलं, नाही. तिथंच तर खरं उत्तर आहे.”

“अगदी बरोबर,” फेल्ड म्हणाला.

“मी नेहमी सांगतो, रिकाम्या उंदराला उघडून बघा!”

थोरानं किटली उचलली आणि सगळ्यांना कॉफी वाढली. स्ट्रीबल यांच्या कपात जरा जास्तच, बशीत सांडेपर्यंत.

बुधवारी खोली रिकामी झाली नाही. उलट वरच्या मजल्यावरची एक मोठी, खिडकीवाली खोली रिकामी करून स्ट्रीबल वंश तिथं हलवला गेला. दारावर पितळेची पट्टी लागली. पुढच्या महिन्यात गल्लीत, स्ट्रीबल यांच्या दाराशेजारी, सगळ्यांत मोठ्या गाठीची तसबीर उतरली आणि तिथं एक नवी तसबीर आली. तीत टोपडेवाली एक मादी पाठीवर झोपली होती. पोट सपाट. पट्टीवर माप काय लिहायचं, हा प्रश्न पडला. शेवटी मापाच्या जागेत त्यांनी स्वतःच्या नावाची लांबी वाढवली.

बर्नीस आठवडाभर थोराशी बोलली नाही. मग एका मंगळवारी, पोटं चाचपताना, तिला राहवलं नाही.

“देऊन टाकलंस? पंधरा वर्षं? त्या शिंगवाल्याला?”

“हो.”

“अगं, पण का?”

“तो माणूस, बर्नीस, तुझा जीव घेईल, माझा घेईल. ‘स्ट्रीबल’ लिहिलेल्या पिंजऱ्याला मात्र बोटही लावणार नाही. आता यांना त्याच्यापासून धोका नाही.” थोरानं एका मादीच्या जांघेवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. “नाव म्हणजे काय मोठंसं? गॅसच्या नळीपेक्षा स्वस्त पडलं.”

“तुला त्याचा रागसुद्धा येत नाही?”

“राग कुणाचा करायचा, याचीही काही पातळी असते.”

पुढं फार वर्षांनी स्ट्रीबल गेले. शिकारीत नाही, झोपेत. थोराच्या आईचा झाला होता त्याच चर्चमध्ये अंत्यविधी झाला, कारण त्यांची बायको नॉर्वेजियन निघाली. नव्या पाद्र्यानं सांगितलं, हा माणूस वेगळा होता. सगळं जग ‘हे का होतं’ असं विचारत असताना यानं आयुष्यभर ‘हे का होत नाही’ असं विचारलं. मागच्या बाकावर बर्नीसला खोकला आला आणि तो थांबता थांबेना. थोरानं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. जरा जोरातच.

नंतर सगळे तळघरात उतरले. तेच हॅमचे सँडविच, तीच पाणचट कॉफी. एका तरुण संशोधिकेनं थोराला ओळखलं आणि ती धावत आली. तिच्या प्रयोगशाळेत, दूर टेक्सासमध्ये, स्ट्रीबल उंदीर होते. आता ते बारा ठिकाणी होते. त्या डहाळीतली सूज कोण आवरतं, हे अजून कुणाला पुरतं कळलं नव्हतं. तरुणीला एक कल्पना सुचली होती आणि ती हातवारे करत सांगत होती. थोरानं शेवटपर्यंत ऐकलं. कल्पना चुकीची होती. पण प्रश्न बरोबर होता, आणि पोरीनं रिकाम्या माद्या पोत्यात टाकल्या नव्हत्या.

“तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत ना?” तरुणीनं विचारलं. “डॉ. स्ट्रीबल कसे होते?”

थोरानं अंड्याच्या सॅलडचा आणखी एक चमचा ताटात वाढून घेतला.

“त्यांना मापं फार छान घेता यायची,” ती म्हणाली. “तू काय सांगत होतीस? उजव्या बाजूच्या ग्रंथीत आधी दिसतं म्हणालीस. ते नीट सांग.”